हिरव्या ठिपक्यासाठी तीन रात्री

एनजीसी ६५७२ बघायचं गेल्या वर्षापासून डोक्यात होतं. भुजंगधारी तारकासमूहातला प्लॅनेटरी नेब्युला (मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला चमकता वायू), तेजाच्या मापात आठव्या मॅग्निट्यूडचा, म्हणजे माझ्या ८ इंची डॉबला (साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीला) सोपा वाटेल, पण आकार जेमतेम १०-१५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), त्यामुळे कमी पॉवरला, म्हणजे कमी मोठं करून बघितलं तर, तो चक्क तारा दिसतो आणि तिथेच घोळ होतो.

पहिल्या दोन रात्री अशाच गेल्या. वांगणीला एप्रिलमध्ये पहाटे चारला भुजंगधारी जवळपास डोक्यावर येतो आणि डॉबची नळी उभी झाली की आडवं ढकललं तरी नुसती जागच्या जागी फिरते, फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) डोळा लावायला मान पूर्ण वाकडी, त्यात भुजंगधारीतला ७१ नंबरचा तारा सापडला की आग्नेयेला साधारण दोन अंश सरकायचं, तेवढ्यात हात हलला की परत पहिल्यापासून. २५ एमएमच्या आयपीसमध्ये (डोळ्याजवळच्या भिंगात, कमी पॉवरच्या) भरपूर तारे, सगळे सारखेच.

तिसऱ्या वेळी मित्राकडून ओ-थ्री फिल्टर (ऑक्सिजनचाच प्रकाश सोडणारी काच) मागून आणला. तो आयपीसला न लावता डोळा आणि आयपीसच्या मधे बोटांत धरायचा आणि बाजूला घ्यायचा, परत धरायचा. फिल्टर आला की सगळे तारे एकदम मंद झाले, एकच ठिपका तसाच चमकत राहिला!! कारण ताऱ्याचा प्रकाश सगळ्या रंगांत विखुरलेला असतो, या नेब्युलाचा बराचसा ऑक्सिजनच्या दोन हिरव्या रेषांमध्ये, म्हणजे दोन नेमक्या रंगछटांमध्ये, आणि फिल्टर नेमक्या त्याच सोडतो. या रेषा खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये दुसऱ्या एका प्लॅनेटरीत पाहिल्या आणि त्या ऑक्सिजनच्याच हे कळायला १९२७ उजाडलं, भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेनने ते सोडवलं.

मग फिल्टर ठेवून दिला, ६ एमएम लावला, २०० पॉवर. हवा स्थिर होती म्हणून बरं. छोटीशी, किंचित लांबट चकती, कडा मऊ, आणि रंग खरंच हिरवा, थोडी निळसर झाक असलेला. रिंग नेब्युला (दुसरा एक प्रसिद्ध प्लॅनेटरी) माझ्या दुर्बिणीत कायम राखाडीच दिसलाय, कारण त्याचा प्रकाश पसरलेला आहे, याचा एवढ्याशा जागेत कोंबलाय म्हणून डोळ्याला रंग कळतो. मधला तारा काही दिसला नाही, फार प्रयत्न केला.

खगोलशास्त्रज्ञ श्ट्रूव्हने १८२५ मध्ये हा शोधला तेव्हा फिल्टर वगैरे काही नव्हतं, त्याला हा ताऱ्यांच्या गर्दीत वेगळा कसा वाटला असेल हेच मनात येत राहिलं. मी लाल टॉर्चच्या उजेडात वहीत स्केच काढलं, पूर्व उजळायला लागली तरी तो अजून दिसत होता.