नोकरी सोडून एमबीए: सॅप कन्सल्टिंगनंतरची माझी दोन वर्षं

"कन्सल्टंटच होतीस ना? मग एमबीए कशाला?" हा प्रश्न मला घरच्यांपेक्षा आयटीतल्याच लोकांनी जास्त विचारला. घरचा प्रश्न वेगळा होता. आईने एकदाच विचारलं, "लागलेली नोकरी काहून सोडून राहिली बाप्पा?" आणि मग दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

कन्सल्टंट म्हणजे मी कंपन्यांमध्ये सॅप हे धंद्याचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवायचे. त्यातही एसडी, म्हणजे विक्री आणि वितरणाचं मॉड्यूल: ऑर्डर, डिलिव्हरी, बिल, किमतीच्या अटी, गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा. नागपूर विद्यापीठातून इंजिनीअरिंग, मग मिहान या नागपूरच्याच उद्योगक्षेत्रातली नोकरी, मग पुण्याला हिंजवडी, आणि कोरोनात लॅपटॉप घेऊन परत त्रिमूर्ती नगरातल्या घरी. जुन्या सॅपची मुख्य देखभाल २०२७च्या अखेरीस थांबणार असल्याने सगळ्यांनाच एस फोर हाना या नव्या आवृत्तीवर जायची घाई होती. कामाला तोटा नव्हता, पगारही ठीक होता.

माझ्या मनात एमबीएचं आलं ते एका सिमेंट कंपनीच्या प्रोजेक्टवर. डीलरच्या क्रेडिट लिमिटवर वर्कशॉप चालू होतं. विक्रीप्रमुखांचं म्हणणं, पावसाळ्याआधी माल उचलायला डीलरला मुदत वाढवून द्या, नाहीतर तो दुसऱ्या कंपनीचं पोतं ठेवेल. फायनान्सवाले म्हणत होते, आधीचेच पैसे अडकलेत, आणखी कुठून देऊ? चांगलं तासभर भांडण झालं. मी ऐकत बसले होते, आणि शेवटी माझा प्रश्न होता, "सर, मग सिस्टिममध्ये आकडा किती टाकू?" ब्लॉक झालेली ऑर्डर कोणत्या स्क्रीनवरून सोडायची, कुणाच्या मंजुरीने सोडायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तीसच्या जागी पंचेचाळीस दिवस दिले तर कंपनीचं नेमकं काय जातं, हे मात्र मला माहीत नव्हतं. आणि ते माहीत असण्याची माझ्याकडून कुणाची अपेक्षाही नव्हती. मला खटकलं ते हे दुसरं.

पर्याय तपासले. दूरस्थ एमबीए स्वस्त होतं, नोकरी चालू ठेवून होणारं होतं. पण त्याने माझी खुर्ची बदलली नसती. त्याच प्रोजेक्टवर, त्याच मॉड्यूलमध्ये, फक्त नावापुढे एक पदवी. ज्यांना बढतीसाठी पदवीचा कागद हवा आहे त्यांनी तेच करावं, उगीच दोन वर्षांचा पगार घालवू नये. मला वर्गात बसायचं होतं. म्हणून राज्याची एमबीए सीईटी आणि आयआयएमसाठीची कॅट, दोन्हींची तयारी ठेवली. दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे. सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे वेग लागतो. कॅटला त्या वर्षी ६६ प्रश्न आणि १२० मिनिटं होती. तिन्ही विभागांना प्रत्येकी चाळीस मिनिटं आणि एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. पर्याय निवडायचा प्रश्न चुकला की एक गुण जातो. तिथे कोणता प्रश्न सोडायचा हे कळायला लागतं.

अभ्यासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी ऑफिसच्या आधी गणित, रविवारी मॉक टेस्ट, आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू व्हायच्या, आठवड्यात काहीच नाही. लॉजिकल रीझनिंगच्या संचांनी शेवटपर्यंत दमवलं. कन्सल्टिंगच्या अनुभवाचा परीक्षेत काडीचा उपयोग होत नाही, एवढं नक्की.

२७ नोव्हेंबर २०२२ला कॅट झाली. २१ डिसेंबरला निकाल लागला तेव्हा नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं, विधानभवनाकडचे रस्ते अडवलेले, आणि मी सीताबर्डीच्या गर्दीत फोनवर स्कोअरकार्ड उघडायचा प्रयत्न करत होते. पर्सेंटाइल पंच्याण्णवच्या पुढे, सत्याण्णवच्या अलीकडे. अहमदाबाद-बंगलोरची स्वप्नं पाहणाऱ्यांना हा आकडा पुरत नाही. नोकरीचा अनुभव आणि मुलगी असणं, या दोन्हींचं वजन धरणाऱ्या संस्थांमध्ये मात्र मुलाखतीपर्यंत पोचता येतं. मला आयआयएम नागपूरचं बोलावणं आलं. ही संस्था २०१५ला सुरू झाली तेव्हा व्हीएनआयटी या नागपूरच्या इंजिनीअरिंग संस्थेच्या आवारात होती. मिहानमधला कायमचा परिसर मे २०२२मध्ये सुरू झाला, म्हणजे मी अर्ज भरत होते त्याच्या काही महिने आधी.

मुलाखतीची तयारी मी प्रोजेक्टची केली होती: किती युजर होते, किती गावांतले डेपो होते, काय बिघडलं, कसं सावरलं. त्यातलं त्यांनी जवळपास काही विचारलं नाही. समोरच्या एका प्राध्यापकांनी माझ्या अर्जावरचं 'नागपूर' बघून विचारलं, "जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत का नाही काढली?" मला १८७७ साल आठवत होतं आणि आता त्या जागेवर मॉल आहे हे माहीत होतं. मी म्हटलं, कापूस जवळ होता. "आणखी?" वरोऱ्याचा कोळसा. "आणखी?" रेल्वे, स्वस्त जमीन. मला वाटलं, सुटले. मग खरा प्रश्न आला, "कापूस तर आजही यवतमाळ-वर्ध्यातच पिकतो. मग टी-शर्ट तिरुपूरला का शिवले जातात?"

मी सवयीने म्हणाले, आधी सध्याची पुरवठा साखळी पूर्ण समजून घ्यावी लागेल. ते हसले. "तुम्हाला कोणी त्यासाठी पैसे देत नाहीये. आत्ता जेवढं ठाऊक आहे त्यावर सांगा." मग मी बोलत गेले: कापसाची गाठ ट्रकने कुठेही नेता येते, पण शिवणारे कुशल हात, रंगाईचे कारखाने, निर्यातीचे दलाल आणि छोटे कंत्राटदार हे सगळं एका जागी जमायला पिढ्या लागतात, ते जमलं की कापूस तिकडे चालत जातो. उत्तर बरोबर होतं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचा प्रश्न ट्रान्झिस्टरवर होता आणि त्याबद्दल न बोललेलं बरं.

प्रवेश मिळाला आणि कागदांचा खेळ सुरू झाला. नोकरी करून परत शिकायला जाणाऱ्यांनी हा भाग मनावर घ्यावा. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, श्रेणीची टक्केवारी करून दिलेलं पत्र, जुन्या कॉलेजची टीसी, हे मिळवायला माझ्या कॉलेजच्या बाबूंनी "साहेब रजेवर आहेत" हे वाक्य पाठ केलं होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे नोकरीचं रिलीव्हिंग लेटर, कंपनीने मोकळं केल्याचं पत्र. नोटिस पीरियड नव्वद दिवसांचा. मुलाखतीचा निकाल यायच्या आत राजीनामा द्यावा तर प्रवेश नाही मिळाला म्हणजे दोन्हीकडून गेलं. नंतर द्यावा तर तीन महिने आणि कोर्सची सुरुवात यांचा मेळ बसत नाही. माझ्या मॅनेजरने आधी "बघू" म्हटलं, मग एचआरने नोटिसच्या काही दिवसांच्या बदल्यात माझ्याकडून पैसे भरून घ्यायची तयारी दाखवली, तेही प्रोजेक्टचं हस्तांतर झाल्यावर. रजेचे पैसे आणि ती भरपाई जवळपास फिटंफाट झाली. पत्र हातात आलं ते कोर्स सुरू व्हायच्या अगदी तोंडावर.

बाबांचा विरोध नव्हता, पण त्यांनी वहीत हिशोब मांडला. फी दोन आकडी लाखांत. त्यात दोन वर्षांचा न मिळालेला पगार मिळवला की आकडा जवळपास दुप्पट होतो. लोक फक्त फी मोजतात, हे त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. कर्ज सरकारी बँकेतून घेतलं. नामांकित संस्थांसाठी या बँकांच्या वेगळ्या योजना असतात आणि त्यात घर-जमीन तारण ठेवावी लागत नाही. साध्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. बाबा सहकर्जदार. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. माझ्याकडे नोकरीतली बचत होती म्हणून मी ते व्याज दरमहा भरत गेले. ज्यांना जमेल त्यांनी हे करावंच, नाहीतर दोन वर्षांनी मुद्दल फुगून समोर येतं.

जून २०२३. वर्गात बरेचसे इंजिनीअर, बरेचसे बावीस-तेवीस वर्षांचे. ग्रुपमध्ये एक पोरगा मला "दीदी" म्हणायचा, त्याला ते दुसऱ्या आठवड्यात बंद करायला लावलं. वर्षाला तीन टर्म, प्रत्येक टर्ममध्ये इतके विषय की एकाचा शेवट आणि दुसऱ्याची क्विझ एकाच दिवशी. सबमिशन रात्री ११:५९ला आणि ग्रुपला जाग येते साडेदहाला. घर वर्धा रोडने अर्ध्या-पाऊण तासावर, तरी होस्टेलवर राहणं आलंच. रविवारी आईच्या हातची पाटवडीची भाजी खाऊन खापरीपर्यंत मेट्रोने परत.

अकाउंटिंगने मला जागं केलं. वर्षानुवर्षं मी 'बिल पोस्ट झालं की अकाउंटिंग डॉक्युमेंट आपोआप बनतं' असं क्लायंटला समजावत आले होते. ते डॉक्युमेंट मी कधी नीट वाचलंच नव्हतं. येणी वाढली की नफा कागदावर दिसतो आणि खात्यात पैसा नसतो, हे मला आता कळलं, आणि त्या सिमेंटवाल्या फायनान्सप्रमुखांचा चिडलेला चेहराही कळला.

वर्किंग कॅपिटलच्या, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या, तासाला एक साधं गणित झालं. पुरवठादार म्हणतो, तीस दिवसांनी द्या. पण दहा दिवसांत दिलेत तर दोन टक्के सूट. म्हणजे सूट सोडणारा माणूस ९८ रुपये वीस दिवस वापरायला २ रुपये मोजतो. वर्षाचा दर काढला की तो सदतीस टक्क्यांच्या पुढे जातो. मी हे घेऊन थेट गांधीबागेत मामाच्या कापडाच्या दुकानात गेले. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "हिशोब बरोबर आहे तुझा. पण मी दहाव्या दिवशी पैसे द्यायला लागलो न, तर पुढच्या मंदीत हा मला साठ दिवस थांबेल काय?" या उत्तराला आमच्या सूत्रात जागा नव्हती. प्राध्यापकांना सांगितलं तर त्यांनी अर्धा तास त्यावरच घालवला: साठ दिवस थांबण्याचा जो हक्क मामा विकत घेताहेत, त्याची किंमत किती? २०२४च्या मार्चमध्ये तर मामांचाच फोन आला. आयकराच्या ४३बी(एच) कलमाने बाजार घाबरला होता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. माल देणारा स्वतः बनवणारा आहे की नुसता व्यापारी, यावर ते लागू होतं की नाही हे ठरतं. आम्ही दोघांनी बसून त्यांच्या पुरवठादारांची यादी चाळली. दोन वर्षांत इतका उपयोगी अभ्यास दुसरा झाला नाही.

वर्गात मला सगळ्यात जास्त अडलं ते निर्णय सांगताना. केस, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण मांडलेला मजकूर, वाचली की माझं डोकं प्रक्रियेचा नकाशा काढायला लागायचं. कोण काय करतं, कुठे अडतं. आकृत्या सुंदर यायच्या. आणि मग प्रश्न यायचा, "ठीक आहे. कारखाना बंद करायचा की चालवायचा?" फक्त होय किंवा नाही. शेजारी बसलेली बीकॉमची फ्रेशर पोरगी तीन आकडे मांडून "बंद करा" म्हणायची आणि बहुतेकदा तिचं म्हणणं टिकायचं. अनुभवाचा फायदा होतो असं सगळे म्हणतात. होतो, पण ऑपरेशन्सला आणि ग्रुपची भांडणं सोडवायला. बाकी ठिकाणी तो आधी थोडा आडवा येतो.

इंटर्नशिप रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मिळाली, विदर्भातल्या डीलरांची योजना तपासायची. एप्रिल-मेमधलं अकोला, वर्धा, यवतमाळ. दुपारी दुकानदारही शटर अर्धं ओढून बसतो. पण त्याच वेळी तो मोकळा असतो आणि बोलतो. महिनाअखेरीस योजनेतला विक्रीचा टप्पा गाठण्यासाठी डीलर गरज नसताना माल उचलतात आणि मिळणारी सूट गृहीत धरून पुढच्या महिन्यात स्वस्तात विकतात. कंपनीच्या पडद्यावर विक्री वाढलेली दिसते, गोदामात डबे तसेच. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही, डीलरच्या मागच्या खोलीत डोकावावं लागलं.

प्लेसमेंटच्या वेळी गंमत झाली. बायोडेटात सॅप दिसलं की आयटी कंपन्या हात पुढे करायच्या. चांगल्या पगाराचं, पण पुन्हा तेच काम. विक्री आणि फायनान्सच्या जागांना "तुम्ही तर टेक्निकल आहात" हे ऐकावं लागलं. क्षेत्र बदलायचं म्हणून येणाऱ्यांनी हे धरूनच यावं: संस्था दार उघडते, पण आधीच्या नोकरीची पाटी गळ्यात राहते. ती बाजूला सारण्यासाठी मला इंटर्नशिपचं ते काम उपयोगी पडलं. आता मी शेतीपंप बनवणाऱ्या कंपनीत डीलरांच्या किमती आणि उधारी बघते. पगार जुन्या नोकरीत राहून, बढत्या घेऊन जिथे पोचला असता त्याच्या फार पुढे नाही. निदान आज तरी नाही.

कर्जाचा हप्ता सुरू झाला आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं पूर्ण वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली आपोआप लागू होते, त्यामुळे जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. मी दोन्हींचा हिशोब एक्सेलमध्ये मांडून बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून एका रकान्यातली बेरीज तोंडी तपासली आणि म्हणाले, "यंदा जुनीच ठेव. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू."