आमची वाटचाल : पुरातून वर आलेली यंत्रे

बीबीसी मायक्रो हा १९८० च्या दशकातला ब्रिटिश संगणक सुरू केला की आधी एक जाड, लांबट सूर येतो आणि त्याला तोडून लगेच एक बारीक बीप वाजते. ज्यांनी हे यंत्र हाताळले आहे त्यांना ठाऊक आहे की पहिलाच सूर वाजत राहिला तर प्रोसेसर जागा झालेला नाही असे समजावे. वीज मिळताच ध्वनीची चिप आपोआप वाजू लागते आणि तिला गप्प करणे हे प्रोसेसरचे काम असते. जुने संगणक दुरुस्त करून विकण्याच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात अशाच एका न थांबणाऱ्या सुरापासून झाली. २००८ साली एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मला आणि माझ्या मावसभावाला तीनशे रुपयांत एक ‘एससीएल युनिकॉर्न’ मिळाला. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने जुळणी केलेला हा बीबीसी मायक्रोच. १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला तेव्हा अनेक शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले, आणि पुढे शाळांच्या अडगळीतून त्यांतले कितीतरी भंगारात गेले. आम्ही तीन आठवडे झटलो, प्रोसेसर बदलला, मेमरीच्या चिप तपासल्या, आणि अखेर दोष निघाला तो मुख्य रॉमच्या, म्हणजे यंत्राचे मूळ प्रोग्राम कायमचे साठवणाऱ्या चिपच्या, सॉकेटमध्ये गंजलेल्या एका पायात. चिप काढून, पाय घासून पुन्हा बसवली आणि बीप वाजली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक यंत्राची सर्व सॉकेट आधी तपासायची, आणि सोल्डरिंगला हात नंतर लावायचा, हा नियम आहे. नव्याने या छंदात येणाऱ्यांनीही तो पाळावा.

छंदाचा धंदा कधी झाला हे नेमके सांगता येत नाही. एकाने घेतलेले यंत्र दुसऱ्याने पाहिले, दुसऱ्याने आपल्या वडिलांच्या माळ्यावरचे आणून दिले, आणि २०१२ पर्यंत पुण्याच्या अरण्येश्वर भागातल्या एका इमारतीच्या तळघरात आमची कार्यशाळा उभी राहिली. त्यानंतरची सात वर्षे बरी गेली.

सुरुवातीच्या हत्यारांविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. तापकीर गल्लीतून आणलेले पंचवीस वॅटचे सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्न, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातला वीस मेगाहर्ट्‌झचा सीआरओ (विद्युत संकेतांचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र), वितळलेले सोल्डर ओढून घेणारा पितळी पंप, आणि रेषेवरचा संकेत दिव्याने दाखवणारा, भावाने स्वतः जुळवलेला लॉजिक प्रोब, एवढ्यावर आम्ही पहिली चाळीस यंत्रे चालू केली. भावाचा हात इतका हलका होता की चाळीस पायांची चिप तो बोर्डावरचा तांब्याचा एकही पट्टा न उखडता काढत असे. पुढे आम्ही गरम हवेचे यंत्र आणि निर्वात पंपाची डिसोल्डरिंग गन घेतली, परंतु त्या प्रोबची जागा कशानेही घेतलेली नाही. सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासारख्या यंत्रात मेमरीतला पत्ता वाहणाऱ्या सोळा रेषांपैकी कोणती मुकी आहे, हे सीआरओच्या पडद्यावर शोधत बसण्यापेक्षा प्रोबच्या दिव्यावर लवकर कळते.

स्पेक्ट्रमचे नाव निघाले आहे, तर डेसिबेल्सविषयीही सांगतो. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्याने स्पेक्ट्रम प्लस आपल्या देशात विकला आणि तो मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. आमच्याकडे येणाऱ्या या यंत्रांपैकी निम्म्यांचा घात एकाच चुकीने झालेला असतो. सिंक्लेअरच्या नऊ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरची मधली पिन ऋण असते आणि बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांची धन असते. उलटा अ‍ॅडॉप्टर लावला की आतला विद्युतपुरवठा बिघडतो, उणे पाच व्होल्टची रेषा नाहीशी होते, आणि ४११६ जातीच्या आठ मेमरी चिप, ज्यांना अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तिन्ही पुरवठे लागतात, जळून जाऊ शकतात. वडिलांच्या कपाटातून यंत्र काढताना उत्साहाच्या भरात प्लग लावू नका.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. त्या रात्री आमच्या परिसरात माणसे दगावली, त्यामुळे आमच्या नुकसानीविषयी बोलताना आजही संकोच वाटतो. परंतु आमच्या वाटचालीत त्या रात्रीएवढे मोठे काही घडलेले नाही, म्हणून लिहितो. साडेदहाच्या सुमारास जिन्यावरून पाणी उतरू लागले. वीज गेली. भाऊ आणि मी मोबाईलच्या उजेडात वरच्या फळ्यांवरची यंत्रे डोक्यावरून बाहेर काढत होतो, आणि पाणी छातीला लागले तेव्हा इमारतीच्या रखवालदाराने आम्हाला हाताला धरून वर ओढले. एकसष्ट यंत्रे पाण्याखाली राहिली. त्यांत डेसिबेल्सचे चौदा स्पेक्ट्रम होते, नऊ बीबीसी होते, आणि तो पहिला युनिकॉर्नही होता.

दुसऱ्या दिवशी चिखल वाळण्याआधी धुणे सुरू केले. चिखल एकदा वाळला की तो चिपच्या पायांमध्ये सिमेंटसारखा बसतो, म्हणून आधी नळाचे स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटर, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल असा क्रम आम्ही ठेवला. सॉकेटमधल्या सर्व चिप काढून, नावे लिहून वेगळ्या ठेवल्या. ऑक्टोबरचे ऊन पडू लागल्यावर गच्चीवर खाटा मांडून त्यांवर बोर्ड वाळवले. मात्र काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिपांवर आधी काळी पट्टी चिकटवली, कारण थेट उन्हात त्यांतला मजकूर पुसला जातो. लवचीक डिस्कच्या (फ्लॉपीच्या) आतल्या चकत्या आवरणे कापून बाहेर काढल्या, धुतल्या, आणि कोऱ्या आवरणांत घालून एकेक वाचून घेतल्या. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डच्या आतले प्लास्टिकचे पातळ पडदे (मेम्ब्रेन) मात्र टाकून द्यावे लागले, कारण दोन थरांत शिरलेला गाळ निघत नाही. ट्रान्सफॉर्मर सर्वांत शेवटी वाळले. दीड महिन्यानंतर, नियंत्रित पुरवठ्यावर अँपिअरचा काटा पाहत, पहिले यंत्र सुरू केले. एकसष्टपैकी अडतीस चालू झाली आणि उरलेली तेवीस सुट्या भागांसाठी ठेवली.

आमच्या कार्यशाळेचा विमा होता. पाहणीसाठी आलेल्या गृहस्थांनी यंत्रांच्या नोंदी, खरेदीच्या पावत्या, आधीच्या विक्रीच्या किमती हे सर्व पाहिले आणि अहवालात ‘कालबाह्य व निकामी साहित्य’ असे लिहून किलोच्या भावाने रक्कम काढली. आम्ही तीन पत्रे लिहिली. चालू स्थितीतले, संग्राहक पैसे मोजून घेतात असे यंत्र, ते जुने आहे एवढ्याच कारणाने भंगार कसे ठरते, या प्रश्नाला एकाही पत्राचे उत्तर आले नाही. याच दिवसांत सिरॅमिकच्या जुन्या चिपांवरील सोन्यासाठी त्या वजनावर घेणारा एक व्यापारी दारात आला, आणि आमच्याकडच्या २८६ व ३८६ प्रोसेसरांना त्याने दिलेला भाव विम्याच्या रकमेहून अधिक होता. भावाच्या डोक्यावर घराचे कर्ज होते, त्याचे म्हणणे विकावे असे होते, आणि तो चूक होता असे मी आजही म्हणणार नाही. आम्ही विकले नाही. पुढच्या मार्चमध्ये तो नोकरीत परतला; आता तो फक्त रविवारी येतो, आणि अवघड चिप आम्ही रविवारसाठी राखून ठेवतो.

विम्यापेक्षा अधिक झोंबली ती दुसरी गोष्ट. आमच्याकडूनच यंत्रे घेऊन विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने, आम्ही धुण्याच्या कामात बुडालेले असताना, आमच्या सर्व ग्राहकांना फोन करून सांगितले की आता आमच्याकडचा सगळा माल पुराचा आहे. त्याचा स्वतःचा माल ‘सील न तोडलेला, मूळ अवस्थेतला’ म्हणून दुप्पट भावाने जात होता. बीबीसीच्या मूळ पॉवर सप्लायमध्ये पारदर्शक, पिवळसर आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात. त्या आवरणाला वयाबरोबर तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि केव्हातरी तासाभराच्या वापरानंतर यंत्रातून पांढरा, घशाला लागणारा धूर येतो. सील तोडल्याशिवाय हे कपॅसिटर बदलता येत नाहीत. त्याच्याकडून घेतलेली तशी चार यंत्रे धूर ओकून पुढे आमच्याकडेच दुरुस्तीला आली. यंत्र उघडणे हा दोष आणि न उघडणे हा गुण, असे त्याने लोकांच्या मनात भरवले. कित्येक महिने आमच्याकडून एकही यंत्र विकले गेले नाही.

तेव्हा आम्ही ठरवले की ‘पूर’ हा शब्द लपवायचा नाही. प्रत्येक यंत्राबरोबर एक कागद द्यायला लागलो. यंत्र कुठून आले, पाण्यात किती वेळ होते, कोणते कपॅसिटर, कोणत्या चिप, कोणती सॉकेट बदलली, काढलेले मूळ भाग कोणत्या पिशवीत सोबत दिले आहेत, आणि किती तास सलग चालवून पाहिले, हे सर्व त्यावर लिहिलेले असते. या कागदावरचे पहिले यंत्र घेतले ते सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी. आम्ही त्यांना सरच म्हणतो. ‘क्लास’ प्रकल्पात त्यांनी शाळेत बीबीसीवर बेसिक ही संगणकाची भाषा शिकवली होती, आणि २०१० पासून ते आमचे ग्राहक आहेत. त्या व्यापाऱ्याचा फोन त्यांनाही गेला होता. ते एसटीने पुण्याला आले, कागद चष्मा लावून दोनदा वाचला, आणि म्हणाले, “माझ्या शाळेतली यंत्रं छपरातून गळणाऱ्या पाण्याने गेली, ती कुणी धुतली नाहीत. हा युनिकॉर्न मला द्या.” तो आमचा पहिला, तीनशे रुपयांचा युनिकॉर्न होता आणि तो विकायचा नाही असे आमचे ठरलेले होते. आम्ही तो दिला.

सरांनी आपल्या ओळखीच्या आठ जणांना आमच्याकडे पाठवले, त्यांतल्या पाचांनी यंत्रे घेतली, आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी माळे उपसायला सुरुवात केल्यावर दुरुस्तीचे काम पुन्हा सुरू झाले. आता आमची कार्यशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. कागदाची पद्धत इतरही काही जणांनी उचलली आहे, याचा आनंद आहे; फक्त त्यांनी ‘आवश्यक ते भाग बदलले’ असे मोघम लिहू नये, भागाचा क्रमांक लिहावा.

गेल्या महिन्यात सरांचा युनिकॉर्न परत आला आहे. यंत्र उत्तम चालते, बीप स्वच्छ येते, परंतु पुराच्या पाण्यात भिजलेल्या कीबोर्डच्या तीन कळा आता कधी उमटतात, कधी नाही. बीबीसीच्या कळा सुट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे त्या एकेक बदलता येतील. तेवीस यंत्रांतले सुटे कीबोर्ड संपले आहेत, तेव्हा कोणाकडे निकामी बीबीसीचा कीबोर्ड पडून असेल तर कळवावे. त्याची योग्य किंमत दिली जाईल.