आम्पेत्सो: नकाशावर नसलेल्या जिल्ह्यात एक दिवस

उत्तर इटलीतल्या कोर्तीनाला लोक स्कीइंगला जातात, आम्ही दोघं जूनच्या शेवटी गेलो, बर्फ फक्त वरच्या घळींमध्ये उरला होता. डोलोमाइटचे डोंगर बघायचे होतेच, पण मला खरं तर एक जिल्हा बघायचा होता जो आता अस्तित्वातच नाहीये. ऑस्ट्रियाच्या काळात इथे आम्पेत्सो नावाचा जिल्हा होता, टिरोल प्रांतातला, 1868 साली केलेला आणि पहिल्या महायुद्धाबरोबर संपलेला. जिल्हा म्हणायचा पण गावं फक्त तीन: कोर्तीना दाम्पेत्सो, लिविनालोंगो आणि कोल्ले सांता लुचिया. तिन्ही लादिन बोलणारी, म्हणजे या डोंगरखोऱ्यांतली लॅटिनमधून आलेली छोटी भाषा.

आम्ही जिथे राहिलो तिथल्या आजींना सकाळी सांगितलं की आज लिविनालोंगोला चाललोय, तर त्या म्हणाल्या, फोदोम म्हणा. लादिनमध्ये त्या गावाचं नाव फोदोम. घरात कुठली भाषा बोलता विचारलं तर म्हणाल्या आधी लादिन, मग इटालियन. मला फार बरं वाटलं ऐकून, कारण पुस्तकात वाचलेली भाषा समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळंच असतं.

गाडी भाड्याने घेतली होती, पोकोलवरून जाउ खिंडीकडे निघालो. वाटेत एका ठिकाणी गाडी लावून थोडं आत चालत गेलं की कुरणात दगडी भिंत दिसते. ती 1753 सालची आहे. 1511 मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याने आम्पेत्सो व्हेनिसकडून घेतलं, पण खालचं सान व्हितो गाव व्हेनिसकडेच राहिलं, आणि मग दोन गावांची कुरणांवरून भांडणं चालूच. शेवटी तोडगा निघाला की सान व्हितोवाल्यांनी हद्दीवर भिंत बांधायची, आणि त्यांनी ती बांधली. म्हणजे दोन सत्तांमधली सीमा, पण मूळ प्रश्न गुरं कुठे चरणार हा. मी त्या दगडांवर हात ठेवून बराच वेळ उभी होते.

जाउ खिंड 2,236 मीटरवर आहे, वारा इतका की बोलणं ऐकू येईना. पलीकडे उतरून कोल्ले सांता लुचिया. छोटंसं गाव, जवळ फुर्सिलची जुनी लोखंडाची खाण. हे लोखंड ब्रिक्सन शहराच्या बिशपांचं, आणि ते आंद्रात्सच्या किल्ल्याकडे न्यायचे. किल्ला एका मोठ्या खडकावर चढवलेला आहे, दुरून बघितलं तर खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नाही. तत्त्वज्ञ निकोलाउस कुझानुस ब्रिक्सनचा बिशप असताना 1457 मध्ये टिरोलच्या ड्यूकशी बिनसल्यावर इथे येऊन राहिला होता, वर्षभराहून जास्त!

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते युद्धाचं. 1914 ला इथली माणसं ऑस्ट्रियाच्या सैन्यात भरती होऊन थेट गॅलिशियात, रशियन आघाडीवर गेली, आणि मे 1915 मध्ये इटली युद्धात उतरल्यावर काही दिवसांतच कोर्तीनात इटालियन सैन्य शिरलं, म्हणजे माणूस तिकडे ऑस्ट्रियासाठी लढतोय आणि त्याचं घर इकडे शत्रूच्या ताब्यात. फोदोममधलं मुख्य गाव पिएवे तर तोफांच्या माऱ्यात उद्ध्वस्त झालं, लोक घरं सोडून गेले, आज दिसतं ते नंतर बांधलेलं. वरच्या कोल दी लाना डोंगरात इटालियन सैनिकांनी बोगदा खणला आणि एप्रिल 1916 मध्ये सुरुंग लावून शिखरच उडवलं. वर अजून खड्डा आहे. पुढे त्याच डोंगराचं नाव गावाला जोडलं, लिविनालोंगो देल कोल दी लाना, आणि आता मला कळलं की आजी फोदोम म्हणा का म्हणाल्या.

युद्धानंतर सगळं इटलीकडे गेलं आणि 1923 मध्ये ही तीन गावं बेल्लुनो प्रांताला जोडली. बाकीची लादिन खोरी आज बोल्त्सानो आणि त्रेंतो प्रांतांत आहेत, म्हणजे पाच खोऱ्यांची भाषा तीन प्रांतांत वाटली गेली. बोल्त्सानो आणि त्रेंतोला स्वायत्तता आहे, तिथे लादिनला शाळेत आणि कचेरीत जे संरक्षण आहे तसं इथे नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये तिन्ही गावांनी सार्वमत घेतलं की आम्हाला परत बोल्त्सानो-त्रेंतोच्या प्रदेशात जायचंय, मोठ्या बहुमताने हो आलं, पण आजही ती बेल्लुनोतच आहेत. त्याच बेल्लुनोतलं साप्पादा गाव मात्र सार्वमत घेऊन 2017 मध्ये शेजारच्या फ्रिउली प्रदेशात गेलं. मग यांनाच का नाही?

परतताना फाल्त्सारेगो खिंडीतून आलो, शेवटी पोकोलचं स्मारक बघितलं, 9 हजारांहून जास्त सैनिकांच्या अस्थी आहेत तिथे, बहुतेक इटालियन आणि मोजके समोरच्या बाजूचे, एकाच इमारतीत. आम्ही फार बोललो नाही तिथे.

जाणार असाल तर हा सगळा गोल गाडीने एका दिवसात होतो, पण सकाळी लवकर निघा, भिंतीजवळ चालायला वेळ ठेवा, आणि आंद्रात्सचा किल्ला आतून बघायचा असेल तर उघडायच्या वेळा आधी बघून घ्या.