लाकडाआडची तिसरी

टाकीतल्या तिसऱ्या माशाकडे बघून मन परत अस्वस्थ झालं. ती म्हणायचं की तो, तेच ठरत नाही.

बाकी दोघांबद्दल शंका नाही. अपिस्टोग्रामा ककाटूओइडिस या छोट्या माशाचा नर लगेच कळतो: पाठीवरच्या पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उभे, शेपटीला वर-खाली दोन लांब टोकं. तो आठ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, मादी पाचाच्या आसपास थांबते. आमची मादी तर सध्या पिवळीधमक आहे. पोटाखालच्या परांची पुढची कड काळीभोर. अंडी गुहेच्या छताला चिकटवलेली, नि ती दारात उभी. नरालासुद्धा आत घेत नाही.

आणि ही तिसरी. राखाडी, आखूड परांची. आज आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाणं) टाकलं तेव्हा लाकडामागून अर्धीच बाहेर आली. मोठा नर नुसता वळला, तर हिने सगळे पर अंगाशी मिटून घेतले, अंगावरचा पट्टा फिका पडला नि मागे सरकली. समोरचा दाणा तसाच खाली गेला.

मादी असेल तर ठीक. पण यांच्यातले दबलेले नर मादीसारखेच दिसतात. ना तुरा, ना रंग. तसेच गुपचूप गुहेजवळ जाऊन अंडी फळवूनही येतात. मोठा नर हलवला की मग रंग चढतो, पर वाढतात. म्हणजे इतके दिवस हा जीव माझ्या डोळ्यांसमोर स्वतःला लपवून जगतोय का? हे मनातून जातच नाही. आई म्हणाली, "माशासाठी एवढं?" मी काही बोलले नाही. ऑफिसातलं तिला सांगायचंही नव्हतं.

मलाच का दिसतं हे, असं वाटून घसा दाटला. मग जरा वेळाने वाटलं, कळून तरी मी काय करणार? पिल्लं नर होणार की मादी, हे पहिल्या काही आठवड्यांत पाणी किती गरम आहे त्यावरही ठरतं. ऊब जास्त तर नर जास्त. तिथे कुणाला विचारलं जातं? या तिसरीने मला उत्तर द्यावं असं काही नाही. भूक मात्र भागली पाहिजे.

उद्या डाव्या कोपऱ्यात, मोठ्याच्या नजरेआड, अजून एक आडोसा ठेवते. खाणंही दोन ठिकाणी टाकेन. मादी असेल तर तिथे अंडी घालेल. नर असेल तर निदान पर उघडून पोहेल.