झालर आली तरी उसवू नका

परवा फोनवर आईने विचारलं, “तेवढ्या विणकामाने समुद्रातलं एक तरी पोवळं वाचलं का गं?” मोबाइलमधले जुने फोटो चाळताना तिला माझे २०२२चे बाडेन-बाडेनचे फोटो दिसले होते. मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

जर्मनीतलं बाडेन-बाडेन आमच्या कार्ल्सरूहेपासून जवळच. तिथल्या फ्रीडर बुर्डा संग्रहालयाने कोविडच्या दिवसांत आवाहन केलं होतं: क्रोशाने प्रवाळ विणा आणि आम्हाला पाठवा. मूळ कल्पना मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्दाइम या जुळ्या बहिणींची. दोघी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या राज्यातल्या. समुद्र तापतोय आणि ते प्रवाळ पांढरे पडताहेत, या काळजीतून त्यांनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसला विणायला सुरुवात केली. मग शहराशहरांतून लोक त्यात येत गेले.

क्रोशा मी आईकडून शिकले. गोल रुमाल ताटासारखा सपाट बसला पाहिजे, यावर तिचा कटाक्ष. कडेला जरा झालर आली की, “टाके जास्त झालेत, उसव.” किती रुमाल उसवले असतील! आणि इथे सूचनाच अशी: दर चार मुक्या खांबांनंतर (म्हणजे क्रोशाच्या साध्या टाक्यांनंतर) एका टाक्यात दोन घाला आणि घालतच राहा. चौथ्या-पाचव्या ओळीला कड वळायला लागते. आठव्या ओळीपर्यंत ती कोबीच्या पानासारखी दुमडून स्वतःवरच चढते, आणि प्रत्येक ओळीला आधीपेक्षा जास्त लोकर जाते. गणितात याला हायपरबोलिक पृष्ठभाग म्हणतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये तो क्रोशाने विणला होता. कितीतरी प्रवाळांची घडण अशीच चुणीदार असते, थोड्या जागेत पाण्याला जास्तीत जास्त अंग लागावं म्हणून. हे नुसतं वाचलं असतं तर विसरले असते. बोटांना कळलं, ते राहिलं.

चार हजारांहून जास्त लोकांनी चाळीस हजारांच्या वर प्रवाळ पाठवले, त्यांत माझेही होते. २०२२मध्ये संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, ते मी बघायला गेले. रंगीत बेटांमधून फिरताना पांढऱ्या प्रवाळांपाशी माझी पावलं थांबली. पाणी तापलं की प्रवाळाच्या अंगातलं शेवाळ निघून जातं, रंग जातो आणि अन्नही. आमच्याकडच्या टीव्हीवरच्या रुमालांचा तसाच पांढरा दोरा आठवला आणि पोटात कालवलं.

भिंतीवर विणणाऱ्यांची नावं होती. माझं सापडल्यावर आधी आनंद झाला, मग राग आला. आईने चाळीस वर्षं तोरणं, रुमाल, बाळाची टोपडी विणली. तिचं नाव कुठल्या भिंतीवर आहे?

तिथे एका बाईंनी मला विचारलं, “भारतात असं मिळून काही करतात का?” मी जरा तडकूनच गोधडीबद्दल सांगितलं. चार घरच्या जुन्या साड्या, चार जणींचे टाके. आम्हाला मिळून करायला कुणी शिकवायची गरज नाही, हे मी आजही म्हणेन. पण आपल्याच समुद्राबद्दल मला ठाऊक नव्हतं: कोस्टल रोडसाठी २०२०मध्ये वरळी-हाजीअलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे हलवले, तेव्हाच मला कळलं की मुंबईत प्रवाळ आहेत. त्या रस्त्याने मी शंभरदा गेले असेन.

तर आई, नाही, एकही पोवळं वाचलं नाही. त्यासाठी कोळसा आणि तेल जाळणं कमी व्हावं लागेल. मी दरवर्षी विमानाने घरी येते, तेही त्यातच मोडतं हे मला माहीत आहे. पण तुला भेटणं मी सोडणार नाही. बाकी जिथे शक्य आहे तिथे रेल्वेने जाते, आणि समुद्राची बातमी आता वाचल्याशिवाय पान उलटत नाही.

डिसेंबरमध्ये आम्ही दोघी मालवणला जातोय. तिथल्या पाण्याखाली खरे प्रवाळ आहेत. आई म्हणते, मी काही पाण्यात डोकं घालणार नाही. तिच्या मापाचा मास्क मी घेऊन येतेय.