दहा मिनिटे

"आता दहा मिनिटे मला कुणी हाक मारायची नाही," असे बजावून सासूबाई काल रात्री काशाच्या वाटीने तळपायांना तेल चोळायला बसल्या. घासता घासता तेल काळपट झाले, तरी त्यांचा हात थांबला नाही.

वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायात डोके, कान आणि पाय यांना विशेषकरून तेल लावावे असे सांगितले आहे, हे त्यांना ठाऊक नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही. हल्ली स्वतःची काळजी म्हटले की आधी खरेदीची यादी तयार होते (हा माझा जुना राग!), इथे मात्र वाटी त्यांच्या माहेरची आणि तेल फोडणीच्या डब्याशेजारचे.

मनात सलत राहिले ते त्यांचे बजावणे. सासरे तासभर वर्तमानपत्र वाचतात, तेव्हा त्यांना असे काही सांगावे लागत नाही. तुमच्या घरी स्वतःसाठीचा वेळ कोणाला मागून घ्यावा लागतो?