तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यात गोल्फचं काय करता?

“चार महिने किट माळ्यावर टाकता की काय?” पाऊस लागला की साताऱ्यात हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे बहुतेक नव्याने खेळायला लागलेले असतात आणि खेळ सुटला याची त्यांना खरोखर चुटपुट असते. आमचं खेळणं म्हणजे वर महाबळेश्वरला, नाहीतर पुण्याला. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. तेव्हा तिथे कोण खेळणार?

पण किट माळ्यावर जात नाही. पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे हलकेच घरंगळवायचा क्लब (गोल्फची काठी), तर बाहेरच्या खोलीत हाताशीच असतो. माझ्या मते पावसाळा हा पटिंगचाच हंगाम आहे. पार 72 च्या कोर्सवर, म्हणजे जिथे 72 फटक्यांत खेळ पुरा होणं अपेक्षित असतं, त्यातले 36 फटके पटिंगचे धरलेले असतात, म्हणजे निम्मे. एरवी आपण सराव करतो तो ड्रायव्हरचा, म्हणजे लांब मारायच्या क्लबचा, कारण लांब गेलेला चेंडू बघायला छान वाटतं. घरात तो मोह उरत नाही.

नुसत्या फरशीवर मात्र सराव करू नका. चेंडू पळत सुटतो आणि हाताला काही कळत नाही. मी एक सतरंजी अंथरतो आणि तिच्या शेजारी घोंगडी. सतरंजीवर चेंडू सुरेख घरंगळतो, घोंगडीवर तेवढ्याच जोराचा चेंडू अर्ध्यात थांबतो. आलटून पालटून दोन्हींवर मारत राहा. कोरडं ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) आणि दवाने भिजलेलं ग्रीन यांतला फरक हळूहळू हातात बसतो. भोक म्हणून समोर पेला आडवा ठेवायचा. त्याचं तोंड खऱ्या भोकापेक्षा लहान, त्यामुळे नजर नेमकी होते. घरातली मुलं यात हटकून सामील होतात, आणि पावसाची संध्याकाळ मजेत जाते.

दिशेसाठी हार्डवेअरच्या दुकानातून एक मीटरची स्टीलची पट्टी आणा. तिच्या एका टोकावर चेंडू ठेवायचा आणि हलकेच पट करायचा. पट्टीवरून न घसरता चेंडू दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तर पटरचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) सरळ होता असं समजा. हे वाटतं तितकं सोपं नाही. हिशेब बघा: फेस एका अंशाने तिरका झाला, की तीन मीटरवर चेंडू सुमारे पाच सेंटीमीटर बाजूला जातो. भोकाचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून काठ 54 मिलिमीटरवर. एका अंशात चेंडू थेट काठावर! ही पट्टी मला कुठल्याही महागड्या साधनापेक्षा प्रिय आहे.

पूर्ण स्विंग, म्हणजे क्लब मागे नेऊन जोरात फिरवणं, घरात करू नये. क्लब खांद्यांवर आडवा धरून आरशासमोर संथपणे वळायचं, डोकं स्थिर राहतं का बघायचं, एवढं पुरे. मोबाइलवर व्हिडिओ बघून एकाच वेळी चार गोष्टी बदलायच्या फंदात पडू नका.

पायांसाठी अजिंक्यतारा आहेच. 18 होल चालत खेळायचे तर सात-आठ किलोमीटर होतात, आणि शेवटच्या होल्सना पाय थकले की स्विंगही ढिला पडतो. पावसाने उघडीप दिली की सकाळी गड चढून या. उतरताना मात्र शेवाळ सांभाळा.

क्लबच्या ग्रिप (मुठी) कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. हातमोजे बॅगेत कोंबून ठेवलेत तर बुरशी धरतील.

आणि ऑक्टोबरात पुन्हा कोर्सवर उतराल तेव्हा जमीन अजून मऊ असेल. चेंडू टप्पा पडल्यावर फारसा पुढे पळत नाही, म्हणून नेहमीपेक्षा एक क्लब मोठा, म्हणजे चेंडू आणखी लांब नेणारा, घ्या. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला, तर दंड न लागता उचलता येतो. पुसून, नियमाप्रमाणे गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करा, म्हणजे हातातून खाली सोडा. पूर्वी खांद्याच्या उंचीवरून करायचा, 2019 पासून ते बदललं. जुने खेळाडू अजूनही सवयीने हात वर नेतात, त्यांना तेवढी आठवण करून द्या.